फाशीची लस यजमानांना टोचून घेऊ का?

पत्र सोलापुरातल्या एका भगिनींचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देत आहोत.

त्यांचे यजमान 11 वर्षांपासून कच्च्या कातडीच्या गोदामात कामाला आहेत. शेळ्या-मेंढ्यांची आणि म्हशींची कातडी येते. ती पसरायची, चिकटून राहिलेलं मांस सुरीनं काढायचं, मीठ लावायचं, थप्पी रचायची आणि गाडी भरायची, असं काम. बराचसा माल कत्तलखान्यातून येतो, पण खेड्यापाड्यांतून मेलेल्या जनावरांचाही येतो. गेल्या महिन्यात त्यांच्या माहेरी भावकीतल्या दोन मेंढ्या रात्रीतून मेल्या आणि ‘फाशी आली’, म्हणजे जनावरांकडून माणसालाही लागणारा अँथ्रॅक्स हा जंतूंचा आजार आला, अशी गावभर बोलवा झाली. धाकटा भाऊ गावोगाव जनावरांना लस टोचायला जातो. तो म्हणाला, “लस माझ्याकडं असतीच. मेंढीला अर्धा मिली देतात, तेवढीच दाजींना टोचतो, मी पण घेतो.” यजमान तयार आहेत, ताईंना मात्र धास्ती वाटते. त्यांचे प्रश्न असे: माणसांची वेगळी लस असते का? सोलापुरात मिळेल का, की बाहेरदेशातून मागवावी लागेल? गेल्या वर्षी यजमानांच्या हाताला गळू झालं होतं, ते फाशीचंच होतं का? त्या घरी विड्या वळतात, दोन लहान मुलं आहेत. कपड्यांतून आजार घरात येईल का? आणि शेवटी, हे काम सोडायला लावू का?

ताई,

आधी भावाला फोन करा. ती लस माणसाला टोचायची नाही, ना दाजींना, ना स्वतःला. बाकीचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, एवढं मात्र आजच सांगा.

भावाचा हिशोब वरवर बरोबर वाटतो. रोग एकच, जंतू एकच, मग लस एकच का नको? अडचण लशीच्या बाटलीत काय आहे त्यात आहे. जनावरांच्या फाशीच्या लशीत मेलेले जंतू नसतात, जिवंत बीजाणू असतात, म्हणजे जंतूची टणक, सुप्त रूपं. 1930 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत मॅक्स स्टर्न यांनी तयार केलेला एक दुबळा वाण जगभर वापरला जातो. या वाणाला स्वतःभोवती कवच बनवता येत नाही, म्हणून तो जनावराच्या अंगात बेफाम पसरत नाही. पण विष तयार करण्याची त्याची ताकद शाबूत असते, आणि जनावरात प्रतिकारशक्ती तयार होते ती त्या विषाच्या घटकांविरुद्धच. अनेक लशींत सॅपोनिन नावाचा दाहक पदार्थही मुद्दाम घातलेला असतो. शेळ्यांना कधी कधी टोचल्या जागी मोठी सूज येते ती यामुळेच. भावानं ती पाहिलेली असणार. माणसासाठी या लशीची मात्रा ठरलेली नाही, तिला तशी मान्यता नाही आणि काही बिघडलं तर डॉक्टरला धरून चालण्यासारखा आधारही नाही. ‘मेंढीएवढी’ ही मात्रा नव्हे, अंदाज आहे.

कुणी म्हणेल, रशियात आणि चीनमध्ये माणसांनाही जिवंत जंतूंचीच लस देतात की. देतात, पण ती माणसांसाठी वेगळी बनवलेली आणि तपासलेली असते, आणि तिथंही ती प्रामुख्यानं त्वचेवर ओरखडा काढून देण्याची पद्धत आहे. भावाच्या डब्यातल्या बाटलीशी तिचा संबंध नाही.

भावाचा विषय निघालाच आहे तर त्याच्यासाठी आणखी थोडं. लस टोचताना मेंढी झटका देते आणि सुई आपल्याच बोटात जाते, हे त्या कामात होतच असतं. असं झालं किंवा डोळ्यात थेंब उडाला, तर वाहत्या पाण्याखाली जागा नीट धुवायची. हाताला साबण लावून, डोळा नुसत्या पाण्यानं. पिळून रक्त काढत बसायचं नाही. बाटलीवरचं नाव आणि बॅच क्रमांक मोबाइलवर टिपून डॉक्टरकडे जायचं. फाशीच्या लशीनं बहुतेक वेळा टोचल्या जागेपुरतीच सूज येते. तरी गोळ्या द्यायच्या की नुसतं लक्ष ठेवायचं, हे डॉक्टर ठरवतील. मला त्याच्या बाबतीत जास्त काळजी दुसऱ्याच लशीची वाटते. कालवडींना 4 ते 8 महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची लस देतात, तीही जिवंत जंतूंची असते, आणि तिची सुई टोचून माणसाला खराखुरा ब्रुसेलोसिस होऊ शकतो: आठवडेच्या आठवडे येणारा ताप, घाम, सांधेदुखी. ती लस टोचताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, आणि वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. फाशीच्या भीतीनं स्वतःला सुई टोचून घ्यायला निघालेला माणूस ही काळजी घेतो का, ते त्याला विचारा.

आता माणसांच्या लशीबद्दल. ती आहे आणि जुनी आहे. अमेरिकेत 1970 साली मान्यता मिळालेली लस आजही वापरात आहे. तिच्यात जिवंत किंवा मेलेला जंतू नसतो. जंतू वाढवलेला द्राव गाळून त्यातला विषाचा एक घटक घेतलेला असतो. ती दंडात स्नायूमध्ये देतात: पहिला डोस, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, मग 12 आणि 18 महिन्यांनी बूस्टर, आणि धोका चालू असेल तर पुढं दरवर्षी एक. वयोमर्यादा 18 ते 65. ब्रिटनची लस याच जातकुळीची आहे, सुरुवातीला चार डोसांची. दंड दुखणं, अंग मोडून येणं, थकवा हे त्रास बऱ्याच जणांना होतात.

लस खरोखर उपयोगी पडते का? हा प्रश्न कातडी आणि लोकरीच्या कामगारांवरच तपासला गेला. 1950 च्या दशकात अमेरिकेत बाहेरदेशातून आलेल्या बकरीच्या केसांवर काम करणाऱ्या चार गिरण्यांमध्ये तेव्हाच्या लशीची चाचणी झाली आणि तिची परिणामकारकता 92.5 टक्के निघाली. ती चाचणी चालू असतानाच, 1957 मध्ये, मँचेस्टर नावाच्या तिथल्या गावातल्या एका गिरणीत साथ आली. नऊ जण आजारी पडले. त्यातल्या पाच जणांना आजार श्वासावाटे झाला, आणि त्या पाचांतले चार दगावले. पाचांपैकी एकानंही लस घेतलेली नव्हती. तेव्हा लशीत दम नाही असं मी म्हणणार नाही.

पण त्या गिरणीत रोज सुक्या केसांचे गठ्ठे फोडले जात, यंत्रावर पिंजले जात आणि धूळ दिवसभर हवेत तरंगत असे. एवढ्या जोखमीसाठी ती लस होती. आजही ज्या देशांत लस उपलब्ध आहे तिथं ती प्रयोगशाळेत हा जंतू हाताळणारे, सैन्यातले काही गट, आणि निर्जंतुक न केलेला परदेशी माल किंवा लागण झालेली जनावरं हाताळावी लागणारे लोक, अशांनाच देतात. प्रत्येक जनावरांच्या डॉक्टरला किंवा प्रत्येक कातडी कामगाराला सरसकट देत नाहीत. आपल्याकडे ती राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही आणि औषधाच्या दुकानात विकतही मिळत नाही. सोलापुरात नाही, पुण्या-मुंबईतही नाही.

राहिलं बाहेरदेशातून मागवणं. कुणीतरी ओळखीचा आणून देतो म्हणेल. ही लस 2 ते 8 अंश तापमानात राहावी लागते, आणि एकदा गोठली तर वाया जाते. खिशातून, बॅगेतून आलेल्या बाटलीत काय उरलंय हे कुणालाच सांगता येणार नाही. दीड वर्षात पाच डोस म्हणजे पाच वेळा तोच जुगार, आणि डोस पुरे होईपर्यंत संरक्षण अर्धंमुर्धंच. त्या पैशांत निम्म्या गोदामाचे हातमोजे आणि गमबूट येतील. ‘लस’ दाखवून पैसे मागणारा कुणी भेटलाच तर त्याला दारातूनच परत पाठवा.

म्हणजे ‘लस घेतली की यजमान सुरक्षित आणि नाही घेतली की उघडे’ या गृहीतकावरच जरा थांबूया. लस नसताना हा आजार कातडी कामगाराला नेमका कुठून गाठतो?

बहुतेक वेळा त्वचेतून. माणसांतल्या या आजाराच्या दर शंभरातल्या पंच्याण्णव किंवा त्याहून अधिक केसेस त्वचेच्या असतात. त्यालाच आपल्याकडे काळपुळी म्हणतात. बीजाणू अखंड कातडीतून आत शिरत नाही, त्याला वाट लागते. सुरीचा निसटता काप, मिठानं भेगाळलेली बोटं, दाढी करताना झालेला ओरखडा, नखाशेजारी सोललेलं कातडं. जागा ठरलेल्या: हात, मनगटाच्या वरचा भाग, चेहरा आणि मान. मान का? कारण गाडी भरताना थप्पी खांद्यावर घेतली जाते आणि ओल्या कातडीची कड नेमकी कॉलरच्या वर घासते. यजमानांना शर्ट काढायला सांगून एकदा तिथं पाहा. मीठ आणि घासण्यानं तिथली त्वचा लाल, खरखरीत झालेली असेल, तर तिथं जाडसर कापड किंवा रेक्झिनची पट्टी आजपासूनच सुरू करा.

मीठ या बीजाणूला मारत नाही, हे गोदामात फार जणांना ठाऊक नसतं. मिठानं कातडं कुजायचं थांबतं, एवढंच. वाळवल्यानंही बीजाणू मरत नाही. तो मातीत कित्येक दशकं टिकतो. त्यामुळे ‘माल खारवलेला आहे, आता काही नाही’ हे खरं नव्हे. मात्र ओल्या खारवलेल्या मालातून धूळ कमी उडते, म्हणून श्वासावाटे होणारा जीवघेणा प्रकार अशा गोदामात विरळा. धोका वाढतो तो सुकी कातडी आपटून झाडताना, थप्पीखालचं जुनं मीठ फावड्यानं गोळा करून पुन्हा वापरताना, आणि कोरड्या फरशीवर झाडू मारताना. ही तीन कामं बदलली तर अर्ध्याहून अधिक धोका गेला, असं माझं मत आहे. फरशी आधी पाणी शिंपडून ओली करायची, मग ओढायची. संशयाच्या मालाखालचं मीठ पुन्हा वापरायचं नाही. आणि कातडं आपटायचं नाही, घडी उलगडून पसरायचं.

हातमोजे कोपरापर्यंतचे जाड रबराचे हवेत. दवाखान्यातले पातळ हातमोजे मिठात आणि सुरीपुढं तासभरही टिकत नाहीत. मला कल्पना आहे की सोलापूरच्या मे महिन्यात रबराचे हातमोजे दिवसभर घालणं म्हणजे शिक्षा आहे. म्हणून मांस काढण्याचं आणि मीठ लावण्याचं काम सकाळी 6 ते 10 मध्ये उरकावं, आत सुती हातमोजे घालावेत आणि दोन जोड्या आलटून पालटून वापराव्यात. काम सुरू करण्याआधी प्रत्येक कापावर पाणी न शिरणारी चिकटपट्टी लावायची. संध्याकाळी घरी येऊन हळद भरणं म्हणजे वेळ टळून गेल्यावरची गोष्ट. रबरी किंवा रेक्झिनचा एप्रन, गमबूट, पूर्ण बाह्या. तोंडाला बांधलेला रुमाल बीजाणू अडवत नाही. सुका माल हाताळायचा त्या दिवशी नाकाला घट्ट बसणारा एन-95 मास्क.

हात धुवायचे ते साबण आणि भरपूर पाण्यानं. बाटलीतलं सॅनिटायझर बीजाणूवर चालत नाही, ते लावून ‘झालं’ म्हणणं धोक्याचं. आणि एक सवय जी कुणी आजाराशी जोडत नाही: तळहातावर तंबाखू मळणं. कातडीला लागलेला तोच तळहात, तीच चिमूट थेट तोंडात. तंबाखू सोडा असं मी कितीही सांगितलं तरी ती लगेच सुटणार नाही. निदान हात धुतल्याशिवाय पुडी उघडायची नाही, एवढं तरी यजमानांकडून कबूल करून घ्या.

सुरी, ओटा आणि पाट यांसाठी ब्लीचिंग पावडरचं पाणी: 33 टक्क्यांची पावडर लिटरला 15 ग्रॅम, त्या दिवशीच कालवलेलं. आधी चरबी आणि रक्त धुऊन काढायचं, नाहीतर ब्लीच त्यातच खर्ची पडतं. मग पाणी ओतून अर्धा-पाऊण तास ओलंच राहू द्यायचं, आणि शेवटी सुरी साध्या पाण्यानं धुवायची, नाहीतर गंजेल. पावडर उघड्या पोत्यात महिनोन्‌महिने राहिली की जोर जातो. वास उरला नसेल तर ती नुसती पांढरी माती समजा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ती कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो. मालावर हे पाणी टाकायचं नाही, कातडं खराब होतं. फिनेल या बीजाणूचं काहीही बिघडवू शकत नाही.

एवढं करूनही मुख्य गोष्ट राहते, माल कुठला हे कळणं. कत्तलीआधी तपासलेल्या निरोगी जनावराचं कातडं आणि शेतात अचानक मेलेल्या जनावराचं कातडं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेलेल्या जनावराचा माल स्वस्त पडतो म्हणून शेठ तो घेतात. धोका मात्र कामगाराच्या वाट्याला येतो. एक साधी वही ठेवा असं यजमानांनी शेठना सुचवावं: माल आल्याची तारीख, कुठल्या गावाहून, कुणी आणला, कापलेलं की मेलेलं, आणि मेलेलं असल्यास कसं मेलं. अचानक मेलेल्या, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळसर रक्त आलेल्या जनावराचं कातडं घ्यायचंच नाही. चुकून आलंच तर खारवायचं नाही, धुवायचं नाही, गटारात पाणी सोडायचं नाही. बाजूला झाकून ठेवायचं आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. सोलापूरच्या गोदामांत सीमेपलीकडून, विजयपूर-कलबुर्गीकडूनही माल येतो, तेव्हा ‘आपल्या जिल्ह्यात तर फाशी नाही’ या समाधानाला फारसा अर्थ नाही.

शेठ ऐकतील का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. आरोग्याचं प्रवचन बहुधा ऐकणार नाहीत. पण अँथ्रॅक्स हा कायद्यानं कळवणं बंधनकारक असलेला व्यावसायिक आजार आहे, आणि जनावरं किंवा त्यांचे अवशेष हाताळण्याच्या कामातून लागलेल्या संसर्गाची भरपाई कामगाराला मागता येते. ही बाजू हिशोबी माणसाला लवकर पटते. यजमानांनी एकट्यानं न जाता चार-पाच जणांनी मिळून बोलावं.

आता गेल्या वर्षीच्या गळवाबद्दल. तुम्ही लिहिता, ते लाल होतं, खूप ठणकत होतं, पू आला आणि फुटल्यावर चार दिवसांत भरलं. हे वर्णन काळपुळीचं वाटत नाही. काळपुळी बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच फसवते. संपर्कानंतर साधारण 1 ते 7 दिवसांत डास चावल्यासारखी खाजरी पुळी येते. एक-दोन दिवसांत तिच्यावर पाण्याचा फोड किंवा भोवती बारीक फोडांचं कडं येतं. मग मधोमध खड्डा पडून कोळशासारखी काळी, कोरडी खपली धरते. भोवतालची सूज मात्र पुळीच्या मानानं अवाच्या सवा असते: पुळी बोटाएवढी आणि सुजलेला अख्खा हात. पू नसतो. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ म्हणून माणूस आठवडा घालवतो. उपचार केला नाही तर त्वचेच्या प्रकारात शंभरातले 10 ते 20 दगावू शकतात. वेळेवर उपचार मिळाल्यास मृत्यू शंभरात एकाहूनही कमी.

अशी पुळी दिसली तर ती फोडायची नाही, सुरीनं कापायची नाही, त्यावर तेल-चुना लावायचा नाही. कापल्यानं संसर्ग पसरतो. मेडिकलमधून आपल्या मनानं दोन गोळ्या आणूनही खायच्या नाहीत, कारण गोळी पोटात गेल्यावर पुळीतल्या पाण्यात जंतू सापडणं कठीण होतं आणि निदान अंधारात राहतं. सरळ सिव्हिल हॉस्पिटल गाठा. ते वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथं केसपेपर लिहितानाच ‘कच्च्या कातडीच्या गोदामात काम करतो’ हे सांगायचं. डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही. ओपीडीत एका पेशंटला दोन-तीन मिनिटं मिळतात आणि काळपुळी तिथं रोज दिसत नाही. हे एक वाक्य सांगितलं की तपासाची दिशाच बदलते. औषधं जुनी, स्वस्त आणि सहज मिळणारी आहेत: पेनिसिलिन, डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, कुठलं आणि किती ते डॉक्टर ठरवतील, त्वचेच्या साध्या प्रकारात साधारण 7 ते 10 दिवस. औषध सुरू झाल्यावरही पुळी काळी पडत जाते आणि खपली यायची ती येतेच. ‘औषध लागू पडेना’ म्हणून मध्येच डॉक्टर बदलू नका. विष आधीच कामाला लागलेलं असतं, जंतू मेले तरी खपलीचा क्रम पुरा होतोच. मात्र पुळी चेहऱ्यावर किंवा मानेवर असून सूज गळ्याकडे सरकत असेल, ताप आणि धाप असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

माहेरच्या दोन मेंढ्यांचं काय? रात्रीतून मेली म्हणजे फाशीच, असं नसतं. मेंढ्यांत अचानक मरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आंत्रविषार (आतड्यात जंतूंचं विष तयार होणं), विशेषतः पावसानंतर कोवळ्या चाऱ्यावर तुटून पडल्यावर. कोवळ्या ज्वारीची विषबाधा, पोटफुगी, साप हीही कारणं असतात. खरं निदान कानाच्या शिरेतल्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली होतं, गावच्या पारावर होत नाही. तो थेंब पशुवैद्यकानंच घ्यावा. यापुढं असं झालं तर 1962 या क्रमांकावर फोन करायचा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. अँथ्रॅक्स हा जनावरांच्या साथरोगांच्या 2009 च्या कायद्यात नोंदवलेला रोग आहे. संशय आला तरी कळवावंच लागतं.

आणि मेंढी उघडायची नाही. जंतू अंगाच्या आत असतो तोवर त्याचा बीजाणू होत नाही. हवा लागली की होतो. सोलणारा माणूस तिथल्या जमिनीत पुढच्या पिढीसाठी रोग पेरून ठेवतो. शक्य असेल तर जाळणं उत्तम, नाहीतर सहा फूट खोल पुरणं, पाणवठ्यापासून दूर, आणि जागेला कुंपण. पुरताना चुना टाकायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात मात्र ती टाळायला सांगितली आहे, कारण चुन्यातलं कॅल्शियम बीजाणूंना टिकायला मदतच करू शकतं. त्या दोन मेंढ्या सोलल्या गेल्या का, मटण वाटलं गेलं का, हे भावाला स्पष्ट विचारा. तसं झालं असेल तर ज्यांनी हात घातला आणि ज्यांनी खाल्लं त्यांची यादी करून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायची. लाजून लपवण्यासारखं त्यात काही नाही. महिना उलटला आहे, कुणालाच काही झालं नसेल तर घाबरू नका. पण त्या जागेवर मेंढ्या चारणं थांबवा.

फाशी ठरलीच, किंवा त्या शिवारात पूर्वी कधी झालेली असेल, तर भावाच्या डब्यातली लस तिच्या खऱ्या जागी वापरता येईल. पावसाळ्याआधी, साधारण महिनाभर अगोदर, खात्याच्या सल्ल्यानं कळपाला दरवर्षी टोचायची: मेंढी-शेळीला अर्धा मिली, गाई-म्हशीला एक मिली, कातडीखाली. प्रतिकारशक्ती यायला दहा-पंधरा दिवस लागतात. लशीच्या आगेमागे आठवडा-दहा दिवस पेनिसिलिन किंवा टेट्रासायक्लिनचं इंजेक्शन द्यायचं नाही, नाहीतर लशीतले जिवंत बीजाणू मरून लस पाण्यात जाते. लस फुकट जाण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. टोचलेलं जनावर सहा आठवडे कत्तलीला द्यायचं नाही. गावातल्या मेंढ्या टोचलेल्या असणं हेच दाजींचं सर्वात मोठं संरक्षण आहे, कारण मग तसलं कातडं गोदामाच्या दारापर्यंत येतच नाही.

घरच्यांसाठी: हा आजार सहसा माणसाकडून माणसाला लागत नाही. यजमानांजवळ बसणं, एका ताटात जेवणं, मुलांना उचलून घेणं यांत धोका नाही. राहतो प्रश्न कपड्यांचा. तंबाखूचं सूप, तेंदूपानं आणि त्यांचे कामाचे कपडे एकाच खोलीत असतील तर ते बदला. कपडे गोदामातच बदलून झाकणाच्या बादलीतून आणावेत, झटकू नयेत, आधी भिजवावेत आणि वेगळे धुवावेत. संशयाचा माल हाताळलेल्या दिवशीचे सुती कपडे अर्धा तास उकळा. चपला बाहेर.

काम सोडायला लावू का, याचं उत्तर फाशीच्या भीतीवर ठरवू नका असं मी म्हणेन. कंबर, मिठानं भेगाळलेले हात, पगार आणि पुढची 15 वर्षं, या गोष्टी त्या निर्णयात जास्त मोलाच्या आहेत. वही ठेवायला आणि हातमोजे द्यायला शेठ सरळ नकार देत असतील, तर मात्र दुसरं गोदाम शोधायला लागावं.

आणि यजमानांना सुई टोचून घ्यायचीच असेल, तर सरकारी दवाखान्यात धनुर्वाताची आहे. सुरीचं काम करणाऱ्याला ती लागतेच, दर 10 वर्षांनी बूस्टर, आणि 11 वर्षांत त्यांनी ती घेतल्याचं तुमच्या पत्रात कुठंही नाही. भावानं धनुर्वाताबरोबर रेबीजची आगाऊ लसही घ्यावी. पिसाळलेल्या जनावराच्या तोंडात हात घालायची वेळ त्याच्यावर कधीही येऊ शकते. दोघांनी सोमवारी एकत्रच जावं.